कालव्यावरच्या बोटीत हिवाळा: मोर्सो स्क्विरल, डिझेल हीटर आणि बाकीचे पर्याय

सरळ मुद्द्यावर येते. नॅरोबोटवर बारा महिने राहायचं असेल तर मुख्य हीटिंग म्हणून कोळशाचा स्टोव्ह घ्या आणि डिझेल हीटर त्याच्या जोडीला ठेवा, उलटं करू नका. आमच्या बोटीत दोन्ही आहेत. स्टोव्ह मोर्सो कंपनीचा स्क्विरल १४१०, आणि डिझेल हीटर आधीच्या मालकाने बसवून घेतलेला, त्या हीटरच्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही कारण त्याने जो त्रास दिला तो कंपनीमुळे का बसवणाऱ्यामुळे हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. इंग्लंडमधलं घरभाडं बघून बोटीचा विचार करणारे ओळखीतले लोक मला अधूनमधून विचारतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न टॉयलेटचा असतो, दुसरा थंडीचा. टॉयलेटबद्दल पुन्हा कधीतरी.

ज्यांना नॅरोबोट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ६ फूट १० इंच रुंदीची लांबलचक लोखंडी बोट, कारण इंग्लंडमधल्या जुन्या अरुंद कालव्यांचे लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद आहेत. आमची ५७ फुटी आहे. आम्ही केनेट अँड एव्हन कालव्यावर, बाथ ते डिवायझेस या पट्ट्यात असतो, आणि आमच्याकडे कायमची जागा नाही, म्हणजे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेच्या लायसन्सप्रमाणे एका ठिकाणी जास्तीत जास्त १४ दिवस थांबायचं आणि पुढे सरकायचं. हा नियम मुद्दाम सांगतेय कारण हीटिंगचं सगळं गणित त्यावर आहे. मरिनात, म्हणजे बोटींच्या भाड्याच्या तळावर, कायमची जागा घेतलीत तर किनाऱ्यावरून विजेची वायर येते, एक तेलाचा रेडिएटर लावला की निम्मा प्रश्न सुटला. आमच्यासारख्यांना वीज म्हणजे छतावरचं सोलर, इंजिन आणि १२ व्होल्टच्या बॅटऱ्या, बस्स. आणि डिसेंबरात इथलं सोलर जूनच्या मानाने अगदी किरकोळ देतं, सूर्य सव्वाआठला वर येतो नि चारला जातो, तोही ढगांच्या मागून. इंजिन चालवून चार्ज करावं म्हटलं तर रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नाही हा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे, शेजारच्या बोटीतल्या माणसाची उशी तुमच्या इंजिनापासून दहा फुटांवर असते.

दुसरं म्हणजे बोटीतली थंडी घरातल्या थंडीसारखी नसते. तळ पाण्यात असतो, त्यामुळे जमीन कायम गार. गरम हवा छताला जाऊन बसते, म्हणजे उभं राहिलं की कानाला घाम आणि पायाला हुडहुडी, दोन्ही एकाच वेळी, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. आणि थंडीपेक्षा मोठा वैरी म्हणजे ओल. लोखंडी भिंती, बऱ्याच बोटींना एकेरी काचा, आतमध्ये दोन माणसं श्वास घेतायत, अंघोळ करतायत, आणि आपला स्वयंपाक म्हणजे कुकरच्या शिट्ट्या आणि उकळतं वरण. इंग्लिश माणूस टोस्टवर बीन्स ओतून मोकळा होतो, त्याची बोट कोरडी राहते. आमच्याकडे इडल्या केल्या की खिडक्यांवरून अक्षरशः ओघळ येतात. ती ओल गादीखाली, कपाटाच्या मागे, चपलांमध्ये जाऊन बसते आणि काळी बुरशी धरते. म्हणून माझ्या मते हीटर निवडताना 'किती किलोवॅट' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की तो दिवसरात्र मंद धग देत राहू शकतो का, म्हणजे लोखंड गार पडतच नाही आणि त्यावर पाणी धरत नाही. तासभर भसाभस गरम करून बंद केलं तर हवा तापते, भिंत गारच राहते, आणि मग सगळी वाफ भिंतीला जाऊन चिकटते.

आता स्क्विरल. मोर्सो ही डेन्मार्कची कंपनी, १८५३ सालची, मोर्स नावाच्या बेटावरची, बिडाच्या ओतकामात मुरलेली. स्क्विरल हे तिचं छोटं मॉडेल, बाजूच्या बिडावर खारीचं नक्षीकाम असतं म्हणून नाव तसं. इंग्लंडच्या कालव्यांवर कुठल्याही मुक्कामाच्या ठिकाणी चार बोटींमध्ये डोकावलंत तर एखादीत तरी हा दिसणारच. ताकद साडेचार-पाच किलोवॅटच्या आसपास, जी कागदावर कमी वाटते पण चांगलं स्प्रे फोम इन्सुलेशन असलेल्या बोटीला भरपूर होते. उलट मोठा स्टोव्ह घेण्याचा मोह आवरा. मोठा स्टोव्ह छोट्या जागेत कायम दाबून ठेवावा लागतो, हवा कमी करून करून तो धुमसत राहतो, मग काच काळी, चिमणीत डांबर, आणि एवढं करून दारं उघडी टाकून बसायची वेळ येते.

बीड असल्यामुळे तापायला वेळ लागतो, तापलं की सोडायचं नाव घेत नाही. रात्री झोपताना कोळसा भरायचा, हवा अगदी बारीक करायची, सकाळी उठून राख हलवली की खाली लाल निखारे असतात, वर थोडा कोळसा टाकला की वीस मिनिटांत परत पेट घेतो. ऑक्टोबरच्या शेवटी पेटवला की मार्चपर्यंत तो विझत नाही, बोटीवर असताना विझलाच तर आमच्यापैकी कुणीतरी आळस केलेला असतो. हे लाकडाने होत नाही. लाकूड दिसायला छान, वासाला छान, पण रात्रभर टिकत नाही, आणि स्टोव्ह एवढासा असल्यामुळे ओंडके वीतभर लांबीचेच कापून घ्यावे लागतात. आम्ही संध्याकाळी जेवताना हौस म्हणून लाकूड घालतो, रात्रीसाठी कोळसाच.

कोळसा म्हणजे धूर न करणारा, कांडी कोळशासारख्या दाबून केलेल्या गोळ्यांचा, पोत्यात मिळतो तो. साधा दगडी कोळसा घरगुती वापरासाठी पोत्यातून विकणं इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून बंद आहे आणि सुटा विकणं मे २०२३ पासून. लाकूडही थोड्या प्रमाणात घ्यायचं तर २० टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असलेलंच विकता येतं. शहरांमध्ये स्मोक कंट्रोल एरिया, म्हणजे धुरावर बंधन असलेले भाग, असतात, आधी त्यातून बोटी सुटायच्या, पण २०२१ च्या पर्यावरण कायद्यानंतर स्थानिक कौन्सिलला नांगरलेल्या बोटींनाही तो नियम लावता येतो. म्हणजे शहरातून जाणार असाल तर मान्यताप्राप्त धूरविरहित कोळसा ठेवा, आणि लाकूड जाळायचं असेल तर स्टोव्हच्या मॉडेलला डेफ्राची, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याची, सूट आहे का ते घेण्याआधी बघा, नंतर नाही. एक मात्र सांभाळा, काही स्वस्त पोत्यांमध्ये पेट्रोलियम कोक जास्त असतो, तो इतका कडक जळतो की खालची जाळी वाकते. आणि ओलं लाकूड नि कोळसा एकत्र घालू नका, कोळशातला गंधक आणि लाकडातलं पाणी मिळून ॲसिड होतं आणि ते चिमणीचा पाइप आतून खातं.

रोजचं काम किती, तर खरं सांगते, आहे. रोज एकदा तरी राखेचा ट्रे रिकामा करायचा, नाहीतर राख जाळीला टेकते, खालून हवा मिळत नाही आणि जाळी जळते (कोळशाला हवा खालून लागते, लाकडाला वरून, एवढं लक्षात ठेवलं की अर्धा स्टोव्ह समजला). राख बारीक असते, ट्रे बाहेर काढताना वारा असला की तोंडावर. आमच्या सासूबाई इथे येऊन राहिल्या तेव्हा म्हणाल्या, अगं टाकतेस कशाला, भांडी घासू की. त्यांना म्हटलं आई ही चुलीतली राख नाही, कोळशाची आहे, भांड्यांना नको आणि झाडांनाही नको. लाकडाची नुसती राख असेल तर बागेत चालते. थंड झालेली राख पिशवीत बांधून कचऱ्यात, आणि 'थंड झालेली' यावर जोर आहे, वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा असू शकतो. गरम राखेचा ट्रे आत ठेवू नका, लगेच झाकणाच्या डब्यात बाहेर.

बाकी देखभाल स्वस्त आहे. दाराच्या फटीतून हवा जाऊ नये म्हणून भोवती लावलेली दोरी सैल झाली की बदलायची, आतल्या विटांना तडे गेले की बदलायच्या, जाळी काही वर्षांनी, सगळे भाग सुटे मिळतात आणि हातानेच बसवता येतात. हा या स्टोव्हचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण. यात सर्किट बोर्ड नाही, पंप नाही, एरर कोड नाही. चिमणी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने साफ करायलाच लागते, आणि छतावरची चिमणी दुहेरी पत्र्याचीच घ्या, एकेरी पत्र्याची गार पडते, आत डांबर धरते आणि ते काळं तांबूस पाणी रंगवलेल्या छतावरून खाली ओघळतं. कालव्यावरून चालताना ज्या बोटीच्या बाजूला असे ओघळ दिसतील तिथे ओळखा, एकेरी चिमणी किंवा ओलं लाकूड.

आता दोष. स्टोव्ह बहुतेक बोटींमध्ये पुढच्या टोकाला बैठकीच्या खोलीत असतो आणि झोपायची खोली मागे. ५७ फुटांत पुढे २६ डिग्री आणि मागे १२ अशी अवस्था होते, मधलं दार उघडं ठेवलं तरी. यावर तीन उपाय लोक करतात. पहिला, स्टोव्हच्या डोक्यावर ठेवायचा उष्णतेवर फिरणारा पंखा, ज्याला वीज लागत नाही, खालचा भाग गरम आणि वरचा गार या फरकावरच त्यात वीज तयार होते. छान दिसतो, पाहुणे त्याच्याकडेच बघत बसतात, उपयोग माझ्या मते माफकच. दुसरा, कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा पंखा मधल्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात लावून छताजवळची गरम हवा मागे ढकलायची. दिसायला काहीच नाही, वीज नगण्य, आणि याने आमच्याकडे जास्त फरक पडला. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे स्टोव्हला मागून बॉयलर. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचंच तत्त्व, आतून विस्तव नि भोवती पाणी, फक्त इथे ते गरम पाणी पाइपातून मागच्या रेडिएटरला जातं आणि गार होऊन परत येतं. पाइप जाड असले आणि चढउतार नीट दिला तर हे पंपाशिवाय आपोआप फिरतं. पण बोट बांधतानाच केलं तर सोपं, नंतर करायचं म्हणजे भिंतीची लाकडी फळी उघडा, सगळं फर्निचर हलवा. आणि बॉयलर स्टोव्हच्या विस्तवातली थोडी उष्णता खातो, त्यामुळे बैठकीत तेवढी ऊब कमी. आमच्याकडे नाहीये, आम्ही मागच्या खोलीसाठी डिझेल हीटर वापरतो.

तर डिझेल हीटर. याचे दोन प्रकार, एक गरम हवा फेकणारा आणि एक पाणी तापवून रेडिएटरमधून फिरवणारा. वेबॅस्टो आणि एबरश्पेशर ही जर्मन नावं तुम्ही ऐकाल, मुळात ट्रक आणि गाड्यांसाठीची मशिनं, आणि हल्ली ऑनलाइन शंभर-दीडशे पौंडात मिळणारे बिननावाचे चिनी हीटर. आमचा पाणी तापवणारा आहे. सकाळी टायमर लावला की उठायच्या आधी मागची खोली गरम आणि अंघोळीचं पाणी तयार, हे सुख मी अजिबात नाकारत नाही. बोट दोन-तीन दिवस बंद ठेवून परत आलो की आधी हाच लावतो, स्टोव्ह तापेपर्यंत तासभर जातो, हा दहा मिनिटांत कामाला लागतो. कोळसा उचलायचा नाही, राख नाही, झोपताना काही बघायचं नाही.

पण हा हीटर डिझेलवर चालतो असं म्हणणं अर्धंच खरं, तो बॅटरीवरही चालतो. पेटताना आतला ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, दहा-पंधरा अँपिअर ओढतो, तोही काही मिनिटं, मग पंप नि पंखा मिळून दोन-तीन अँपिअर सतत. रात्रभर आठ तास लावला तर चोवीसेक अँपिअर-अवर गेले. ११० अँपिअर-अवरच्या लेड बॅटरीतून निम्मंच वापरायचं असतं, म्हणजे एका बॅटरीतल्या वापरण्याजोग्या विजेचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या हीटरने खाल्ला, फ्रिज, दिवे, पंप, लॅपटॉप बाजूलाच. आणि थंडीत बॅटरीची ताकद आधीच कमी झालेली. मग पहाटे, म्हणजे नेमकं जेव्हा बाहेर शून्याखाली असतं तेव्हा, व्होल्टेज खाली येतं, हीटर पेटायचा प्रयत्न करतो, ग्लो प्लगने ओढलं की व्होल्टेज अजून पडतं, हीटर बंद. परत प्रयत्न, परत बंद. काही वेळा असं झालं की तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि मग मेकॅनिक किंवा लॅपटॉप जोडणारा कुणीतरी आल्याशिवाय सुरूच होत नाही. आमचा नेमका कडाक्याच्या थंडीत असा बसला, ज्यांनी बसवला होता त्यांना फोन केला तर ते म्हणाले बॅटरी बदला, बॅटरीवाल्याने तपासून सांगितलं बॅटरी ठणठणीत आहे, वायर बारीक घातलीय. दोघांच्या भांडणात आठवडा गेला, शेवटी जाड वायर घालून आणि बर्नर साफ करून सुटलं. तोपर्यंत स्टोव्ह होता म्हणून आम्ही बोटीत होतो. शेजारच्या बोटीत फक्त डिझेल हीटर होता, त्यांचा बंद पडला तेव्हा ते सरळ मैत्रिणीकडे राहायला गेले.

दुसरी अडचण काजळीची, आणि ही कंपनी कुठलीही असो, त्या तत्त्वातच आहे. हे हीटर पूर्ण ताकदीने चालले तर आत स्वच्छ राहतात. छोट्या बोटीत एक-दोन रेडिएटरला ते मोठे पडतात, पाच-दहा मिनिटांत पाणी तापतं, हीटर मंद होतो, बंद होतो, परत सुरू होतो, आणि प्रत्येक पेटण्या-विझण्यात अर्धवट जळलेलं डिझेल काजळी धरतं. म्हणून जाणकार सांगतात की लावला की अर्धा-पाऊण तास तरी जोरात चालू दे, दर पाच मिनिटाला चालू-बंद करू नको. आता विचार करा, मी वर काय लिहिलं, बोटीला दिवसरात्र मंद धग पाहिजे. आणि हे मशीन मंद चाललेलं त्याला सोसत नाही. म्हणून तो मुख्य हीटर म्हणून बसत नाही, बिघाड हा नंतरचा मुद्दा.

चिनी हीटरबद्दल सगळे विचारतात. खोक्यावर ८ किलोवॅट लिहिलेलं असतं, आतला बर्नर बहुतेक वेळा ५ वाल्याचाच असतो, मनावर घेऊ नका. गरम तो करतो, हे मान्य. पण सोबत येणारा धुराचा पाइप आणि सायलेन्सर गाडीच्या बाहेर, उघड्यावर लावण्यासाठीचा असतो, जोडांमधून गळतो. गाडीखाली गळला तर हवेत जातो, बोटीत तो पाइप इंजिनाच्या खोलीतून किंवा पलंगाखालून जातो, गळला तर तुमच्या नाकात. म्हणजे बोटीसाठीचा न गळणारा पाइप, बाहेर काढायचं फिटिंग, भोवती उष्णतारोधक गुंडाळी, हे सगळं वेगळं घ्यायला लागतं आणि मग ते शंभर पौंड शंभर राहत नाहीत. शिवाय डिझेल टाकणारा छोटा पंप रात्रभर टक टक टक टक करतो, रबरावर टांगला तर कमी होतं, पण ज्याला आवाजाने झोप लागत नाही त्याने आधी दुसऱ्याच्या बोटीत बसून ऐकावा.

पैशांचं काय, तर इथे मला स्वतःलाच नवल वाटलं. २५ किलोचं पोतं, किलोला साधारण सव्वाआठ युनिट उष्णता धरा, म्हणजे पोत्यात दोनशेच्या वर युनिट, स्टोव्ह ७० टक्के देतो म्हटलं तर दीडशेच्या जरा खाली युनिट बोटीत येतात. डिझेल लिटरला १० युनिट, हीटर ८० ते ८५ टक्के, म्हणजे हाती आठ-साडेआठ. भागाकार केला की एक पोतं म्हणजे सतरा-अठरा लिटर डिझेल. कडक थंडीत आम्हाला पोतं दोन-तीन दिवस जातं. तुमच्या भागात पोतं कितीला आणि लाल डिझेल कितीला ते बघा आणि स्वतः मांडा, आमच्याकडे दोन्ही जवळपास सारखंच पडतं. लाल डिझेल म्हणजे कमी कराचं, ते घेताना किती टक्के इंजिनासाठी आणि किती घरगुती हे जाहीर करायचं असतं, इंजिनाच्या भागावर पूर्ण कर, हीटिंगच्या भागावर कमी. सवयीने लोक ६०-४० सांगतात, पण हिवाळ्यात आमच्यासारखे कमी फिरणारे असतील तर खरा आकडा वेगळा असतो, तो सांगा. मुद्दा हा की डिझेल स्वस्त पडतं म्हणून घेतलं किंवा कोळसा स्वस्त पडतो म्हणून घेतला, हे कारण टिकत नाही.

मिळण्याचं म्हणाल तर कोळसा, डिझेल, गॅस तिन्ही विकणारी फ्युएल बोट कालव्यावरून फिरते, तिची तारीख विचारून ठेवायची, तिच्यावरचे काका बोटीला बोट लावून पोती थेट छतावर ठेवून देतात. पण कालवा गोठला तर तीही अडकते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इथले कालवे इतके दिवस गोठले की नॅरोबोटींवरून होणारी मालवाहतूक त्यानंतर जवळपास संपलीच. तसा हिवाळा दरवर्षी येत नाही, पण पातळ बर्फ येतो, आणि बर्फ फोडत बोट नेली तर स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या बोटींच्या तळाचा काळा रंग खरवडला जातो, शेजारी बोलणं टाकतात. शिवाय नोव्हेंबर ते मार्च ट्रस्टची लॉकदुरुस्ती चालू असते, वाट बंद. म्हणून चार-पाच पोती नेहमी जास्तीची, छतावर, प्लास्टिकच्या पोत्यातच.

बाकीचे पर्याय पटापट. गॅस हीटिंग, स्वच्छ आणि शांत आहे, पण १३ किलोचा लाल प्रोपेन सिलिंडर हिवाळ्यात डोळ्यांदेखत संपतो, खिसा रिकामा होतो. निळा ब्यूटेनचा तर घेऊच नका, शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, शेगडीसुद्धा पेटत नाही. आणि थंडी वाजतेय म्हणून स्वयंपाकाची गॅस शेगडी पेटवून ठेवणं हा प्रकार कृपया करू नका, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणजे ओल तुम्ही स्वतः विकत आणली, आणि त्यातला विषारी वायूचा धोका वेगळाच. डिझेल थेंबाथेंबाने सोडणारे रेफ्लेक्ससारखे डॅनिश स्टोव्ह मला मनापासून आवडतात, मासेमारीच्या बोटींवरून आलेले आहेत, डिझेल नुसत्या उतारावर येतं, वीज लागत नाही, मंद धग सतत, राख नाही. महाग आहेत, चिमणी सरळ उंच लागते, वाऱ्यात कधी कुरकुरतात, पण ज्याची पाठ दुखते आणि ज्याला पोती उचलणं जमणार नाही त्याने माझ्या स्क्विरलचं कौतुक सोडून तो बघावा.

सुरक्षिततेचा भाग कंटाळवाणा आहे तरी वाचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस जातो. एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये त्याचा अलार्म सक्तीचा आहे आणि ते सर्टिफिकेट दर ४ वर्षांनी लागतं, पण सर्टिफिकेटसाठी एक लावून भागत नाही, एक स्टोव्हच्या खोलीत आणि एक उशीजवळ, दोन लावा. छतावर जी छत्रीसारखी झडपं असतात त्यातून गार वारा येतो म्हणून लोक त्यात मोजे कोंबतात, मी स्वतः पाहिलंय, आणि तेच लोक मग सकाळी डोकं दुखतंय म्हणतात. ती हवा स्टोव्हला लागते, तुम्हाला लागते, आणि ओल बाहेर जायला तोच रस्ता आहे. स्टोव्ह बसवणाऱ्याला बीएस ८५११ माहीत आहे का विचारा, छोट्या बोटींवरच्या अशाच स्टोव्हसाठीचं मानक आहे ते, तो गोंधळला तर दुसरा माणूस शोधा. भिंतीपासूनचं अंतर, खालची फरशी, मागची फायर बोर्ड, यात पैसे वाचवू नका.

माझे मार्क: स्क्विरलला पाचपैकी साडेचार, अर्धा राखेचा कापला. त्याच्या सपाट डोक्यावर दिवसभर किटली गरम असते, आमटी वाफाळती राहते, दही बाजूच्या फळीवर ठेवलं तर इंग्लंडच्या जानेवारीतही लागतं, हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. भाकरी मात्र विसरा, आच पुरत नाही, पापुद्रा सुटत नाही. डिझेल हीटरला जोडीदार म्हणून साडेतीन, एकटाच असेल तर दोन.

जुनी बोट घेत असाल तर स्टोव्ह पेटवून दाखवायला सांगा, उन्हाळा असला तरी. दार बंद करून भोवती कागदाची पट्टी अडकवा, ओढल्यावर सहज निघाली तर दोरी गेलीय, ते स्वस्तातलं काम. छताला चिमणी जिथे बाहेर पडते तिथली कॉलर हाताने चाचपा, गंज किंवा ओल असेल तर ते मात्र महागातलं. डिझेल हीटर बॅटरी चार्जर काढून ठेवून, नुसत्या बॅटरीवर, गार अवस्थेतून सुरू करायला लावा आणि बाहेर धुराच्या भोकापाशी उभं राहा. पहिली दोन-तीन मिनिटं पांढरा धूर चालेल, नंतरही येत राहिला तर बर्नर साफ करायचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दोरी, विटा आणि जाळी सप्टेंबरातच मागवा, पहिली थंडी पडली की सगळ्या कालव्याला एकदमच आठवण येते.